ठोकून घेतलेलं

एकतीस वर्षं मी भुसावळच्या यार्डात
लांब दांड्याची हातोडी घेऊन
चाकं ऐकत हिंडलो.
धड चाक खणखणतं, आणि हातोडी उचलली
तरी थोडा वेळ खणखणत राहतं.
तडा गेलेलं बद्द म्हणतं, लगेच गप्प.
एवढीच माझी विद्या.

म्हणून गुलशेर तडवीने
जामनेर रोडच्या बोळातल्या दुकानात
(बाहेर फुटके ताशे, आत क्लॅरनेटच्या नळ्या)
तीन जुनी मेंडोलिनं गादीवर मांडली,
तेव्हा मी तारांना हात लावला नाही.
बोटाच्या पेराने पाठी वाजवल्या,
आमची कुमुदिनी माठ घेताना वाजवते तशा.

पहिलं नव्याने पॉलिश केलेलं, हळद उतरलेल्या नवरदेवासारखं.
आवाज पॉलिशच्या आतच राहिला.
दुसऱ्याच्या तोंडाभोवती शिंपल्यांची नक्षी,
किंमतही नक्षीचीच.
तिसरं पोटाशी चिरलेलं,
केळीचं पान वाऱ्यानं फाटतं तसं
शिरेशिरेनं, सरळ.

"ते नका घेऊ," गुलशेर म्हणाला.
"ऑर्केस्ट्रावाल्याचं व्हतं. चोपड्याच्या एका लग्नात
टेम्पोवरून पडलं. मीच सांधलंय आतून."

मी वाजवलं.
खणखणलं.
चिरेच्या अलीकडे वाजवलं, पलीकडे वाजवलं.
एकतीस वर्षांत तडा गेलेलं काहीही
माझ्याशी असं बोललं नव्हतं.

मग मान डोळ्याशी धरली, रूळ बघतात तशी.
सरळ होती.
पहिल्या तीन पडद्यांवर खळगे,
पुढचे पडदे कोरे करकरीत.
कोणीतरी वर्षानुवर्षं इथेच घुटमळलं होतं.
भोकातून आत टॉर्च मारली:
कसरीनं खाल्लेली चिठ्ठी, कारखान्याचं नाव गेलेलं,
सालाचे तीन आकडे शाबूत, चौथा नाही.
म्हणजे माझ्याच वयाचं,
धरा थोडं इकडेतिकडे.

"साडेनऊ हजार."
"चिरेसकट?"
"चिरेचे मी घेत नाही."

घरी कुमुदिनी म्हणाली, इतक्यात कूलर आला असता.
मग पदराला हात पुसून
तिनेही एकदा पाठ वाजवली. काही बोलली नाही.

नखी नव्हती. रेल्वेचं जुनं ओळखपत्र कापलं.
नारखेडेमधला शेवटचा डे कोपऱ्यात आला.
आता तेवढा डे तारांवर फिरतो,
बाकीचा नारखेडे खुर्चीत बसलेला.

आठ तारा, चार जोड्या.
जोडीतल्या दोघींनी एकच सूर म्हणायचा असतो
आणि त्या कधीच तंतोतंत म्हणत नाहीत.
त्या केसभर फरकातच सगळी गंमत आहे,
हे मला कळायला पावसाळा उजाडला,
कारण मे महिन्यात, शेचाळीस अंशांत,
पितळ सैल, पोलाद सैल, मीही सैल.
एक गत वाजवायची तर तीनदा खुंट्या पिळायच्या.

शिकवायला कोणी नाही.
मीसुद्धा पहिल्या तीन पडद्यांतच.
बोटं त्या खळग्यांत आपोआप बसतात:
देवळाबाहेर अंधारात चुकून
दुसऱ्याच्या चपलेत पाय घालावा
आणि ती मापाची निघावी.
भरताची वांगी सोलता सोलता कुमुदिनी म्हणते,
"कालचं वाजवा ना."
कालचं काय होतं ते मला आठवत नाही.
तिला येतं गुणगुणता, पण ती गुणगुणत नाही.

रात्री ते भिंतीवर असतं.
पावणेतीनची मालगाडी जाते, भिंत जरा हलते
आणि आठही तारा
कोणी न छेडता बारीक घुमतात.
मी डोळे मिटून वाघिणी मोजतो.

परवा चाळिसाव्या की एक्केचाळिसाव्या वाघिणीला
त्या घुमण्यात एक बद्द आली.
उठून बसलो.
हात उशाशी हातोडी शोधत होता.
आता रुळाशेजारी यंत्रं असतात, ती ऐकतात म्हणे.
कोणाला फोन करू, काय सांगू,
माझ्या मेंडोलिनाला असं असं वाटलं?

गाडी तापीच्या पुलाकडे गेली.
मी तारांवर तळहात ठेवला.
लगेच थांबल्या नाहीत.